रसिकाने किती वेळा बोलावे?

एखाद्या गायकावर, नटावर, लेखकावर किंवा खेळाडूवर मन जडले की त्याच्याविषयी चार शब्द बोलावेसे वाटतात, ही मनुष्याची सहजप्रवृत्ती आहे. एकट्याने आवडून घेण्यात सुख असते, पण ते अर्धे. आपल्यासारखाच दुसरा वेडा भेटला म्हणजे ते पुरते होते. ह्यातूनच रसिकांची मंडळे निघतात, श्रोतृसंघ स्थापन होतात, वाचकांच्या बैठका भरू लागतात. परंतु अशा मंडळात पाऊल ठेवल्याबरोबर एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचा विचार फारसे कोणी केलेला आढळत नाही. तेथे एकाने किती वेळा बोलावे? रोज? आठवड्यातून एकदा? की कोणी विचारल्याखेरीज तोंडच उघडू नये? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि रसिकांची मंडळे भांडणाने क्वचितच मोडतात. एकदोघांच्या अखंड बोलण्याने आणि बाकीच्यांच्या वाढत्या मौनाने ती हळूहळू विझतात, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून ह्या अंकात इतर थोर विषय सोडून मी ह्या लहानशा विषयावर लिहिण्याचे ठरविले.

विद्यार्थी मित्रहो, ह्या विचाराला सर्वांत उपयोगी पडेल असे उदाहरण तुमच्या आजी-आजोबांच्या, क्वचित पणजोबांच्या तरुणपणातले आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी गृहस्थ. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून ती गीते जवळजवळ हद्दपार झाली. हेतू उदात्त होता ह्यात संशय नाही. पण लोकांनी सरळ रेडिओचा काटा फिरविला आणि सिलोन लावले! त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी, बुधवारी रात्री, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी हे तिचे निवेदक. आरंभी कार्यक्रमाचे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गाणी वाजवावयाची, श्रोत्यांनी लोकप्रियतेप्रमाणे त्यांचा क्रम लावून पाठवावयाचा, आणि ज्याचा क्रम बिनचूक त्याला बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याच्या पत्रांची संख्या ६५,००० वर गेली, असे सायानी पुढे मुलाखतींत सांगत असत. एवढी पत्रे उघडावयाची कोणी आणि मोजावयाची कोणी? अखेर ती स्पर्धा बंद करावी लागली. मग गाण्यांचा क्रम तबकड्यांच्या खपावरून आणि गावोगावच्या श्रोतृसंघांच्या मतांवरून लावण्याची पद्धत आली. ह्या बदलातली एक गोष्ट मला फार आवडते. संघाने मत पाठवावयाचे म्हणजे आधी दहा जणांनी एकत्र बसावे लागते, एकमेकांचे ऐकावे लागते आणि मग एकच पत्र लिहावे लागते. एका पत्रामागे दहांचे ऐकणे असते. 'गीतमाला' त्यानंतरही चालत राहिली व १९९४ पर्यंत चालली.

१९५७ साली आकाशवाणीनेही हट्ट सोडला आणि 'विविध भारती' सुरू केली. श्रोत्यांच्या फर्माईशींना मग ऊत आला. मुंबई केंद्रावरच्या 'आपली आवड' ह्या मराठी कार्यक्रमाची कित्येक घरांत वाट पाहिली जाई. गाण्याच्या आधी निवेदक फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचीत आणि ती नावे ऐकण्यासाठी गाण्याइतकाच कान टवकारलेला असे. ह्या काळात एका गावाचे नाव भारतभर झाले : झुमरी तलैया. आज झारखंडात, कोडरमा जिल्ह्यात असलेले, अभ्रकाच्या व्यापारावर वाढलेले हे गाव. तेथून इतक्या फर्माईशी येत की, असे गाव नसेलच, निवेदकाने गमतीने बनविलेले ते नाव असेल, अशी पुष्कळांची समजूत होती. वस्तुस्थिती अशी की त्या गावातील काही हौशी मंडळींत चुरस लागली होती. माझे नाव अधिक वेळा वाचले जाते की तुझे? एकेक गृहस्थ दिवसाला कितीतरी कार्डे टपालात टाकी. आमचे एक जुने शेजारी 'झुमरी तलैया' हे शब्द अजूनही निवेदकाच्या आवाजात म्हणून दाखवितात. त्यांना ते गाव कोठे आहे हे विचाराल तर सांगता यावयाचे नाही.

त्या मंडळींना हसण्याची माझी इच्छा नाही. आपल्या खेड्यासारख्या गावाचे नाव हजारो मैलांवर ऐकू जावे, ह्यात केवळ बढाई नव्हती. ज्यांना कोणी विचारीत नव्हते अशा माणसांनी 'आम्हीही येथे आहोत' असे दिलेले ते प्रत्युत्तर होते. बडोद्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेबाहेरच्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला ही भावना समजण्यास वेळ लागू नये. परंतु त्या कार्डांत असे काय? गाण्याचे नाव, चित्रपटाचे नाव, पाठविणाऱ्याचे व त्याच्या मित्रमंडळाचे नाव. गाण्याविषयी एक अक्षर नाही. शंभरावे कार्ड पहिल्याहून काही अधिक सांगत नसे. तीन मिनिटांच्या तबकडीआधी पंधरा नावे वाचली गेली म्हणजे सोळाव्याचा वेळ गेला, एवढाच हिशेब.

ह्याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहा. १९४९ साली 'महल' हा चित्रपट आला. संगीत खेमचंद प्रकाश ह्यांचे. त्यातील एका गाण्याने साऱ्या देशाला वेड लावले. पण तबकडीवर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या नायिकेचे नाव. त्या काळी पार्श्वगायकाचे खरे नाव छापण्याची रीत पडलेली नव्हती. गाणे रेडिओवर वाजू लागताच श्रोत्यांची पत्रे येऊ लागली : ही गाणारी कोण? पत्रांचा पाऊस पडला. शेवटी तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी करावी लागली आणि रेडिओवरून नाव जाहीर झाले : लता मंगेशकर. आमच्या गोव्यातल्या मंगेशीच्या दीनानाथांची ही थोरली कन्या तेव्हा अवघी वीस वर्षांची होती. पुढे गायकांची नावे तबकड्यांवर छापण्याचा जो प्रघात पडला, त्याला ही घटना मोठी कारण झाली.

येथेही पत्रेच होती आणि तीही असंख्य होती. तथापि फरक लक्षात घ्यावा. एका माणसाने हजार वेळा लिहिले नव्हते. हजार माणसांनी एकेकदा लिहिले होते, आणि प्रत्येकाला काहीतरी खरोखर हवे होते. पत्र पाठविल्यावर आपले नाव वाचले जाईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. दुसऱ्याच कोणाचे तरी नाव ऐकावयाचे होते! माझ्या मते रसिकाच्या बोलण्याची ही सर्वांत चोख कसोटी आहे. मी लिहितो आहे ते कोणाचे नाव ऐकू यावे म्हणून? गाणाऱ्याचे की माझे? दुसऱ्या प्रकारचे बोलणे वाईट असे मी म्हणत नाही. आपले नाव कोणाला गोड लागत नाही? पण ते वरचेवर होऊ नये.

त्या काळी एक बाह्य लगामही होता, तो पोस्टाच्या कार्डाचा. कार्डाला पैसे पडत. ते लिहावे लागे, पेटीपर्यंत चालत जावे लागे, आणि मग आठवडा-दोन आठवडे रेडिओसमोर बसून वाट पाहावी लागे. तेवढ्या अवधीत निम्मा उत्साह ओसरून जाई व उरलेला टिकाऊ ठरे. पुढे दूरदर्शन व रेडिओच्या स्पर्धांना स्वस्त कार्डांचे ढीग पडू लागले, तेव्हा टपाल खात्याने स्पर्धेसाठी निराळेच कार्ड काढले आणि त्याची किंमत साध्या कार्डाच्या कितीतरी पट ठेवली. सरकारी खात्यालाही हा प्रश्न सोडवावा लागला, एवढे ध्यानात ठेवा. आता तुमच्या-आमच्या हातांत मोबाईल आहे. मनात आले की बोट हलते. ना पैसा, ना चालणे, ना वाट पाहणे. लगाम गेला, घोडा मात्र तोच. जो संयम पूर्वी टपालखाते आपल्याकडून करवून घेत होते तो आता ज्याचा त्याने करावयाचा आहे, आणि तो अधिक कठीण आहे हे उघड आहे.

रसिकाच्या बोलण्याचा दुसरा प्रकार म्हणजे नाटकगृहातला 'वन्स मोअर'. ह्या विषयावर मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, आणि तिला आपल्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. १९१६ साली खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आले. रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व गाऊ लागले की प्रेक्षकांतून 'वन्स मोअर'चा गजर होई, पद पुन्हा गावे लागे, पुन्हा गजर होई. तेच पद दर वेळी नव्या जागा घेऊन ते गात, असे जुने प्रेक्षक सांगत. म्हणजे मागणीला काही अर्थ होता. पण ह्या पायी नाटक मध्यरात्र उलटून पहाटेकडे सरके. रुक्मिणीचे पद तिसऱ्यांदा चालले असताना समोरच्या पात्राने काय करावे? तोंडावर तोच भाव धरून उभे राहावे! कथा थांबली, संवाद थांबला. खाडिलकरांनी बांधलेला प्रसंग पाचदा सुरू झाला आणि पाचदा तुटला. मागच्या बाकावर एखादा गृहस्थ नाटकाचा शेवट पाहावा म्हणून चार कोसांवरून आलेला असेल. त्याच्या गप्प बसण्याची नोंद कोठेही नाही, कारण गप्प बसलेल्यांचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. संगीत रंगभूमीच्या पडतीची कारणे अनेक आहेत. बोलपट आला, कर्जे झाली. पण नाटकातले नाटक ह्या पुनरावृत्तीखाली चेंगरले, हेही त्यांपैकी एक होते असे मला वाटते. नाटक मारणारे हे लोक नाटकाचे शत्रू नव्हते. सर्वांत मोठे प्रेमी तेच होते.

ही खोड आपलीच आहे असे मात्र समजू नये. १७८६ साली व्हिएन्ना येथे मोझार्टचे 'फिगारोचा विवाह' हे संगीतनाट्य प्रथम झाले. प्रेक्षकांनी इतकी पदे पुन्हा पुन्हा म्हणावयास लावली की खेळ लांबतच चालला. तेव्हा सम्राट दुसरा जोसेफ ह्याने फर्मान काढले : एकाहून अधिक गायकांनी मिळून म्हणावयाचे कोणतेही पद पुन्हा म्हटले जाणार नाही. मला ह्या बादशहाचे कौतुक वाटते. त्याने दाद बंद केली नाही. एकट्या गायकाचे पद पुन्हा घेण्यास मोकळीक ठेवली. पण जेथे पाच-सहा जणांचा वेळ व श्वास गुंतलेला आहे तेथे एका उत्साही प्रेक्षकाने सर्वांना पुन्हा उभे करू नये, एवढेच त्याने ठरविले. आमच्या कोकणी तियात्रांतही 'वन्स मोअर' गाजतो. पण तेथे गाणारा कसलेला असला म्हणजे तो तेच कडवे पुन्हा न म्हणता राखून ठेवलेले नवे कडवे म्हणतो. मागणाऱ्याने 'पुन्हा' म्हणावे आणि देणाऱ्याने 'नवे' द्यावे, ही युक्ती आपल्या साऱ्या मंडळांनी उचलण्यासारखी आहे.

मैफलीतली गोष्ट आणखी नाजूक असते. आपल्या शहरात उस्ताद फैयाज खाँसाहेब दरबारगायक होते. ५ नोव्हेंबर १९५० रोजी ते येथेच निवर्तले. त्यांच्या गाण्याच्या ज्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून उतरत आल्या आहेत त्यांत श्रोत्यांचाही उल्लेख असतो, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. जाणकार श्रोता समेवर मान हलवितो. एखादी अवघड जागा नेमकी उतरली तर त्याच्या तोंडून एक अस्फुट उद्गार निघतो, आणि गाणाऱ्याला तेवढ्याने कळते की आपले गाणे पोहोचले. उलट प्रत्येक तानेला 'वाहवा' म्हणणारा मनुष्य शेजारी बसला तर थोड्याच वेळात ती वाहवा तंबोऱ्यासारखी होते. वाजते आहे हे कळते, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मग खरोखर असामान्य काही गायिले गेले तर त्याने म्हणावे काय? त्याने आपले सारे शब्द आधीच खर्चून टाकलेले असतात.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की गप्प बसणे हेच उत्तम. मला तो मुळीच मान्य नाही! थंड बैठकीत गाण्याची शिक्षा काय असते हे गाणाऱ्याला विचारा. ज्याला आवडले आहे आणि तरीही जो कधीच बोलत नाही, तो फुकट जेवणारा पाहुणा होय. शाळेत असे विद्यार्थी पुष्कळ असतात. वर्गात कविता शिकवून झाली की ज्यांच्या डोळ्यांत पाणी दिसते ते हात वर करीत नाहीत, आणि ज्यांचा हात नेहमी वर असतो त्यांच्या डोळ्यांत काही दिसत नाही. (सर्वांच्याच बाबतीत हे खरे नाही, पण माझ्या दहा-बारा वर्षांच्या नोकरीत इतक्या वेळा दिसले आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.)

बोलणे आणि थांबणे ह्यांचा मेळ कसा असावा, ह्याचा एक नमुना मी गोव्यात पाहिलेला आहे. वास्को येथे दामोदराच्या देवळात श्रावणात सप्ताह होतो. नाव सप्ताह असले तरी भजन चोवीस तासांचे असते; पण ते अखंड असते. दिवस नाही, रात्र नाही, टाळमृदंगाचा आवाज क्षणभरही खंडत नाही. हे कसे साधते? कोणीही चोवीस तास गात नाही, म्हणून साधते. भजनी मंडळ्या पाळीपाळीने येतात. एकीची पाळी संपत आली की दुसरी येऊन बसलेली असते. उत्तम गळ्याच्या गवयालाही उठावे लागते, आणि ज्यांचा गळा बेताचाच अशा गावकऱ्यांनाही आपली पाळी मिळते. एखाद्याने 'माझा आवाज सर्वांत चांगला, मीच गातो' असा हट्ट धरला असता तर ते भजन पाचव्या-सहाव्या तासाला बंद पडले असते. आता क्रिकेटच्या भक्तांसाठीही एक दाखला देतो, नाही तर तुम्ही म्हणाल, सर गाण्यापलीकडे जातच नाहीत. १९४७ च्या मार्चमध्ये आपल्याच बडोद्यात, होळकर संघाविरुद्धच्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद ह्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदांच्या ३१९. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील कोणत्याही गड्यासाठीचा तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. पलीकडच्या टोकाला उभे राहून दुसऱ्याचा खेळ पाहण्यात त्या दोघांचाही निम्मा वेळ गेला असणार. भागी होते ती अशी.

आता आपल्या घरचा विषय. ह्या शहरात मराठी साहित्य संमेलने १९०९, १९२१ व १९३४ साली झाली आणि मग तब्बल चौऱ्याऐंशी वर्षांनी, २०१८ साली, ९१ वे संमेलन भरले. एके काळी येथे मराठी ही राजदरबारची भाषा होती. आज ती काही घरांची, काही देवळांची आणि आपल्यासारख्या थोड्या शाळांची भाषा आहे. फतेगंजात रस्त्यावर उतरलात तर गुजराती, हिंदी, मल्याळम, इंग्रजी आणि आमची कोकणीसुद्धा कानी पडते. मराठी ऐकावयास जरा थांबावे लागते. अशा ठिकाणी पाच मराठी रसिक एकत्र जमले तर तो दिवाळीचा दिवस समजावा. आणि नेमके येथेच बोलण्याच्या प्रमाणाला फार महत्त्व येते. पुण्या-मुंबईत एका मंडळात बोलावयास मिळाले नाही तर मनुष्य दुसऱ्या मंडळात जातो. येथे दुसरे मंडळ नाही. येथे जो गप्प झाला तो मराठीतून गप्प झाला. घरी जाऊन तो गुजरातीत किंवा इंग्रजीत बोलू लागेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

ग्रंथालयाच्या दाराशेजारी आपण गेल्या जूनपासून जो 'रसिकांचा फलक' लावला आहे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. आवडते गाणे, पुस्तक, खेळाडू, नट, कोणाविषयीही चार ओळी लिहून चिठ्ठी टाचावी, एवढाच नियम होता. आरंभी फलक भरून वाही. दिवाळीनंतर मी चिठ्ठ्या पाहू लागलो तेव्हा निम्म्याहून अधिक दोनच हातांच्या होत्या. ते दोघे विद्यार्थी खरे रसिक आहेत, वाचणारे आहेत, ऐकणारे आहेत. त्यांच्यावर माझा लोभ आहे व ह्या लेखाने त्यांनी दुखावले जाऊ नये. परंतु प्रत्येक नव्या चिठ्ठीखाली ह्या दोघांपैकी एकाचे उत्तर दुपारच्या सुट्टीच्या आत लागलेले असे. 'हे मला आधीच ठाऊक होते', 'ह्याहून अमुक गाणे चांगले', 'ह्या खेळाडूची सरासरी चुकली आहे'. सरासरी चुकलेली होती हे खरे. पण चिठ्ठी लिहिणारा आठवीतला मुलगा पुन्हा फलकाकडे फिरकला नाही. जानेवारीत लताबाईंच्या स्तुतीच्या चिठ्ठ्यांची रांग लागली होती, 'गानकोकिळा', 'स्वरसम्राज्ञी', तेच तेच शब्द. त्या गर्दीत वर्षभर एक अक्षरही न लिहिलेल्या एका विद्यार्थिनीने तीन ओळींची चिठ्ठी लावली. तिच्या आजोबांकडे 'महल'ची जुनी तबकडी आहे आणि तिच्यावर लताबाईंचे नाव नसून 'कामिनी' असे आहे, ते का? उत्तर तिलाही ठाऊक नव्हते. साऱ्या रांगेत प्रश्न विचारणारी ती एकटी होती. वर मी जी कामिनीची हकीकत सांगितली ती त्या चिठ्ठीमुळे मला आठवली, हे येथे नमूद करणे योग्य होय.

शिक्षकांच्या खोलीत ह्यावर चर्चा झाली. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की प्रत्येकाला महिन्याला दोन चिठ्ठ्या अशी शिधावाटपाची पद्धत घालावी. दुसऱ्यांना कोणताच नियम नको होता. ज्याच्यापाशी उत्साह आहे त्याने लिहावे, ज्याच्यापाशी नाही त्याला ओढून काय उपयोग, असे ते म्हणतात. मला दोन्ही मते पटत नाहीत. महिन्याला दोन हा आकडा कोणासाठी? ज्याच्या घरी काल जुन्या तबकड्यांची पेटी सापडली त्याला ह्या आठवड्यात रोज काही सांगावयाचे असेल, आणि पुढे तीन महिने काहीच नसेल. आणि नियमच नको म्हणणारे सहकारी एक गोष्ट विसरतात : उत्साह आणि धीटपणा ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. फलकावर आज धीटपणा मोजला जातो आहे.

माझी सूचना अशी आहे. एकदा चिठ्ठी लावल्यावर, दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या लागेपर्यंत आपण दुसरी लावू नये. दोन दिवस लागोत की दोन तास. फलक जागा असेल तर लवकर पाळी येईल, झोपलेला असेल तर उशिरा. ज्याला लिहिण्याची फारच घाई असेल त्याने दोघा मित्रांना लिहावयास लावावे, म्हणजे त्याच्या उत्साहाचे दुसऱ्यांसाठी काही काम होईल. कोणी प्रश्न विचारला असेल तर त्याचे उत्तर ह्या हिशेबात धरू नये. उत्तराला पाळी कसली? मात्र 'मला आधीच ठाऊक होते' हे उत्तर नव्हे. चूक दाखवावयाची असेल तर ती फलकावर न दाखविता चिठ्ठी लिहिणाऱ्याला भेटून सांगावी, व दुरुस्ती त्याची त्यालाच करू द्यावी.

राहिले ते अगदी न बोलणारे. त्यांच्यावर सक्ती करण्याची माझी तयारी नाही, पण अपेक्षा ठेवण्याची आहे : सहामाहीत निदान एकदा. स्तुती सुचत नसेल तर प्रश्न लिहावा. अक्षर वाईट असेल तर असू द्यावे. शुद्धलेखनाच्या चुका फलकावर तांबड्या शाईने दाखविल्या जाणार नाहीत, असे मराठीच्या तासाला हातात तांबडी शाई धरणारा मीच आश्वासन देतो. ज्या दोघांविषयी वर लिहिले त्यांच्याकडे मी एक निराळे काम सोपविणार आहे. उतरविलेल्या चिठ्ठ्या आतापर्यंत रद्दीत जात होत्या. त्या एका जाड वहीत तारखेप्रमाणे चिकटवून, प्रत्येकीखाली गाण्याचे साल, संगीतकार, पुस्तकाचा प्रकाशनकाल, सामन्याचे ठिकाण अशी माहिती पडताळून लिहावयाची आहे. इतके ठाऊक असलेले दुसरे कोणी शाळेत नाही, आणि ह्या कामाला दर आठवड्याचे कित्येक तास लागतील. वही ग्रंथालयात कपाटाच्या खालच्या खणात राहील. पहिली चिकटवावयाची चिठ्ठी तबकडीची आहे.